नालेचं भोक

आमच्या लग्नाच्या रुखवतात एक हातोडी होती.

लाडू, करंज्या, लोकरीचं तोरण, काचमण्यांचा पोपट, आणि या सगळ्या थाटाच्या मधोमध पितळी ताटात, लाल फडक्यावर, लांब दांड्याची आणि लहानशा डोक्याची हातोडी. मांडवातल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. माझ्या मावशीनं मला ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं, "ही नारळ फोडाया हाय का नवऱ्याला?" मी मान खाली घालून मुंडावळ्यांच्या आड लपलो. नवरी मात्र सरळ मावशीकडे बघत म्हणाली, "ज्याला लागंल त्याला." बायका आणखी हसल्या. आई हसली नाही. घरात काय येतंय ते तिला त्याच वेळी कळलं असावं.

सासरे दौंडला रेल्वेच्या पुलांच्या गँगमध्ये रिव्हेट, म्हणजे लोखंडी पट्ट्या जोडणारे जाड खिळे, ठोकायचं आणि तपासायचं काम करत. भीमेवरचा पूल, इकडे तिकडे नाल्याओढ्यांवरचे लहान पूल, सगळीकडे त्यांची गँग फिरायची. हातोडी त्यांच्या हातातली. दागिन्यांचं काय ते दोन्हीकडच्या मोठ्यांनी ठरवलं होतं, पण हातोडी पोरीनं स्वतः मागून घेतली होती. तिला आई नव्हती. सुट्टीच्या दिवशी बाप तिला बरोबर घेऊन बसायचा, आणि त्याच्याजवळ शिकवण्यासारखं जे होतं ते त्यानं शिकवलं. मांडे आणि पुरणपोळी ती आमच्याकडे येऊन शिकली, आणि आईच्या मते शेवटपर्यंत नीट शिकली नाही.

लग्नानंतर पहिल्यांदा जावई म्हणून दौंडला गेलो तेव्हा वाटलं होतं, चारचौघांसारखं पाटावर बसवतील, गोडधोड होईल. सासऱ्यांनी चहा दिला आणि क्वार्टरच्या मागच्या अंगाला नेलं. तिथं जुन्या गर्डरचा एक तुकडा पडला होता, रिव्हेटांसकट. त्याच्यावर कपडे धुवायचे. "बोट ठेवा," ते म्हणाले. मी एका रिव्हेटच्या डोक्यावर बोट ठेवलं. त्यांनी पलीकडच्या बाजूनं हातोडी मारली. "काय लागलं?"

"काय न्हाई."

"आता हितं ठेवा."

दुसऱ्या रिव्हेटवरही मला काहीच लागलं नाही. मागं दारात माझी बायको उभी होती. ती तोंडावर हात ठेवून हसत होती, आणि नव्या नवरीनं बापासमोर नवऱ्याला हसावं याचा मला राग आला. तिसऱ्यांदा मी डोळे मिटले. मग लागलं. बोटाखाली रिव्हेट किंचित उडालं, नाडी उडते तसं. "ते ढिलं हाय," सासरे म्हणाले आणि जावई पास झाल्यासारखे खूश झाले. मग कुठं आम्ही जेवायला बसलो.

जेवताना त्यांनी मला लोखंड समजावलं. मी तोवर दुष्काळात इंजिन चालवून हात काळे केलेला माणूस, मला वाटायचं लोखंडाचं मला सगळं कळतं. ते म्हणाले, तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण इकडून तिकडे वाकवत राहिली की तुटते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मोठ्या लोखंडाचंही तेच, फक्त त्याला वर्षं लागतात. दर ओझ्यागणिक ते थोडं थोडं थकतं. "आन् थकतं कुठं? भोकापाशी. पाटात दगड टाकला की पानी दगडाच्या दोन्ही अंगांनी जोरात पळतं का न्हाई? ताणाचं तसंच हाय. भोक म्हंजी तिथला दगड. भोकाच्या काठाला ताण जास्त. काठ साफ असंल तर सोसतं. काठ फाटका असंल तर तिथनं उसवतं." शिवाय बाहेरून काहीच दिसत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी हो हो म्हणत आमटी ओरपली.

ज्या लोकांना वाटतं की लोखंडाला काय होतंय, त्या लोकांवर मी आता चिडतो. पण तेव्हा मी त्यांच्यातलाच होतो आणि आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, त्यांचे पुढारी होते.

ते बहात्तरच्या दुष्काळाचे दिवस. आमच्या कवठे येमाईच्या शिवारात विहिरींनी तळ दाखवला होता आणि जो तो आपली विहीर खोल न्यायच्या मागं होता. आप्पांनी शिरूरला यारी करून घेतली. ज्यांनी यारी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. विहिरीच्या काठावर एक उभा खांब, त्याला विहिरीवर झुकलेला एक लांब हात, हाताच्या टोकाला चाक, चाकावरून खाली सोडलेला तारेचा दोर आणि दोराला लोखंडी टोपलं. इंजिन दोर गुंडाळतं, टोपलं दगडमातीनं भरून वर येतं. माणसंही त्यातूनच खाली जातात आणि वर येतात. एवढं ओझं पुढं लटकलं की खांब विहिरीत कोसळायचा, म्हणून मागच्या बाजूनं त्याला एक लोखंडी पट्टी ओढून धरते. खांबाच्या शेंड्यापासून ती तिरकी खाली येते आणि खडकात पुरलेल्या कड्याला अडकवलेली असते. आमची पट्टी चार बोटं रुंद होती. टोपलं उचललं की ती ताणायची, टेकवलं की सैल पडायची. दिवसभर तेच.

यारी उभी राहिली त्याच आठवड्यात टोपल्याची कडी निसटली आणि दगड खाली गेले. गडी कडेला होते म्हणून वाचले. आई म्हणाली, दृष्ट लागली. गावात नवीन यारी, तीही रस्त्यालगत, येणारा जाणारा थांबून बघतो, मग लागणारच. तिनं कुठून तरी घोड्याची काळी नाल मिळवली. पहिल्यांदा ती तारेनं बांधली, ती हादऱ्यांनी दोनदा पडली, आणि नाल पडणं म्हणजे तर फारच अशुभ. तेव्हा आप्पांनी शिरूरहून एका वेल्डिंगवाल्याला आणलं. त्यानं मागच्या पट्टीत, रस्त्यावरून बरोबर दिसेल अशा उंचीवर, गॅसच्या ज्योतीनं लोखंड वितळवून बोटभर भोक पाडलं आणि बोल्ट घालून नाल आवळून दिली. ती मग कधी हलली नाही. दर शनिवारी आई ताट घेऊन यायची, खांबाच्या पायाशी रांगोळी काढायची, नालेला तेल लावायची, हळदकुंकू वाहायची. यारी चालू लागली आणि पुन्हा काही झालं नाही. आईचा त्या नालेवरचा विश्वास मी चुकीचा म्हणत नाही. नवरा रोज जमिनीच्या पोटात उतरत असेल तर बाईनं कशाला तरी धरून राहायलाच हवं.

मग लग्न झालं आणि बायको आली. ती पहिल्यांदा भाकरी घेऊन विहिरीवर आली, टोपली खाली ठेवली, आणि माझ्याकडे बघायच्या आधी यारीला एक चक्कर मारली. नालेपाशी थांबली. मागून बोल्टाच्या कडेला बोट घातलं आणि मला विचारलं, "हे भोक कुणी पाडलं?"

"वेल्डिंगवाल्यानं."

"जाळून पाडलंय. कशापायी?"

"नालंपायी."

घरी गेल्यावर तिनं आईला सांगितलं की नाल काढून दुसरीकडे बांधू या, आणि त्या पट्टीचं काहीतरी करू या. आईनं भाकरी थापता थापता सांगितलं की या घरात नव्या सुनेनं नालेला हात लावायचा नसतो. "तुज्या बापाच्या पुलाला नाल नसंल. आमच्या यारीला हाय." एवढ्यावर तो विषय संपला असं आईला वाटलं.

बायकोनं नाल सोडली पण यारी सोडली नाही. भाकरी घेऊन आली की हातोडी कमरेला खोचलेली असायची. आम्ही जेवायला बसलो की ती खांबाला, हाताला, पट्टीच्या जोडांना टक टक करत फिरायची, दुसरा हात पलीकडून टेकवून. गडी तिला बघून एकमेकांना कोपरानं ढोसायचे. गावानं तिचं नाव हातोडीवाली ठेवलं. मला लाज वाटायची आणि मी तिला सांगितलंही. ती म्हणाली, "तुमची लाज वर ऱ्हाती. मामा खाली जात्यात." ती आप्पांना मामा म्हणायची. नालेखालचा भाग मात्र तिला तपासता येत नव्हता, कारण पुढून नालेनं पट्टी या काठापासून त्या काठापर्यंत झाकली होती आणि मागची बाजू तेलामातीनं माखलेली होती. तिथं टक टक केलं की नालेचाच आवाज यायचा.

पुढच्या उन्हाळ्यात, एका शनिवारी, आईचा गुडघा आखडला. जमिनीवर टेकवेना. आप्पा खाली, मी इंजिनावर, तेव्हा ताट बायकोच्या हाती आलं. "तेल लाव, कुकू लाव आन् ये," आईनं बजावलं. "नालंला हलवू नको." आणि तरीही जीव राहिना म्हणून काठी टेकत मागोमाग आलीच.

खाली आप्पा आणि दोन गड्यांनी सुरुंग ठासून तयार केले होते. तळाला ओल दिसायला लागली होती, म्हणून आप्पांना कमालीची घाई होती. रीत अशी की वर आलेलं रिकामं टोपलं खाली सोडायचं, आप्पांनी वाती पेटवायच्या, तिघांनी टोपल्यात पाय घालून दोर हलवायचा आणि मी इंजिनानं त्यांना झटक्यात वर घ्यायचं. पेटलेल्या वाती खाली आणि माणसं मध्ये, असा तो प्रवास. रोजचाच झाला होता.

बायकोनं नालेला तेल लावायला बोट टेकवलं आणि थांबली. नालेच्या खालच्या काठाशी तांबूस चिखलासारखं काहीतरी साचलं होतं. आम्हाला सगळ्यांना ते आईचं कुंकू वाटायचं. तिनं ते दोन बोटांत चोळलं, वास घेतला, आणि पुन्हा चोळलं. मग माझ्या इंजिनाच्या पेटीतून पाना घेतला.

"अगं काय करती?" आई मागून ओरडली.

"आत्या, हे कुकू न्हाई. ह्याची कच बोटाला लागतीया. हा लोखंडाचा गंज हाय. आत काय तरी घासतंय."

आई पोचेपर्यंत तिनं बोल्ट सोडवून नाल खाली ठेवली होती. आई कपाळावर हात मारत मटकन दगडावर बसली. बायकोनं पदरानं पट्टी घासून पुसली, कोरडी होईपर्यंत पुसली. मग आईच्या ताटातली रांगोळी तांब्यातल्या पाण्यात कालवून तिनं भोकाभोवती सारवली, चूल सारवावी तशी बोटांनी. ऊन रणरणतं होतं. ती रांगोळी बघता बघता पांढरी वाळली. आणि मग त्या पांढऱ्यावर, कुणी न काढता, एक रेघ उमटायला लागली. भोकाच्या एका अंगापासून पट्टीच्या काठापर्यंत. दुसऱ्या अंगानंही निघाली आणि काठाच्या थोडी अलीकडे थांबली. केसाएवढी बारीक, तेलकट, काळी. वर्षभर शनिवारी शनिवारी आईनं घातलेलं तेल त्या भेगेत उतरून बसलं होतं, ते आता रांगोळी शोषून बाहेर काढत होती.

विहिरीतून आप्पांची हाक आली. "टोपलं सोड!"

मी इंजिनापाशी होतो. रेघ मला तिथून दिसत होती, पण डोक्यात शिरत नव्हती. आई म्हणाली, "सोड रे. इतकं दिस चाललंय, आजच काय झालं? नाल काढली म्हनूनच भ्या वाटतंय. आदी ती नाल बसवा." माझा हात टोपलं सोडायच्या दांड्याकडे गेला, हे मी लपवत नाही. आप्पांची हाक आली की हात आपोआप जायचा.

बायकोनं पुढं होऊन इंजिन बंद केलं. चालू करायचं हँडल काढलं आणि घागर घ्यावी तसं कमरेवर घेऊन उभी राहिली. मग विहिरीच्या काठावर जाऊन वाकली आणि ज्या सासऱ्यासमोर ती आवाज चढवत नसे त्याला मोठ्यानं म्हणाली, "मामा, वात लावू नका. पट्टी फाटलीया. टोपलं येनार न्हाई."

खालून आप्पांच्या शिव्या आल्या. त्या सुनेला नव्हत्या, मला होत्या. बायको माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत विनवणी वगैरे काही नव्हती. मी त्या रेघेपाशी गेलो. डोळे मिटून भोकाच्या काठावर बोट फिरवलं, दौंडला शिकवलं होतं तसं. काठ करवतीसारखा खरखरीत होता आणि एका जागी बोट अडकलं. तिथूनच रेघ निघाली होती. मी विहिरीत तोंड घालून सांगितलं, "आप्पा, तिचं खरं हाय. बैलानं वर काढतो."

विहिरीला जुन्या मोटेचं चाक अजून होतं, बैलांना उतरायची धावही होती. गुरांच्या छावणीतून परत आणलेली बैलजोडी होती. मोटेचा नाडा खाली सोडला, आणि आप्पांना, म्हणजे गावातल्या पहिल्या यारीच्या मालकाला, पखालीसारखं ओढून वर काढलं. गडी मागून आले. आप्पा अंगाची माती न झटकता, सुनेसमोरून, माझ्यासमोरून, सरळ घरी गेले. आईनं नाल धुऊन देवळीत ठेवली आणि एवढंच म्हणाली की भर उन्हाळ्यात पाणी दिसायला लागलेलं असताना यारी बंद पडली, आता लोक काय म्हणायचं ते म्हणतील.

लोकांनी म्हणायचं ते म्हटलं. सून आली आणि नाल उतरवली, सून आली आणि यारी थांबली. ती रेघ म्हणजे तेलाचा ओघळ असं गड्यांचं मत पडलं. बायको हे सगळं ऐकत भांडी घासत होती. त्या रात्री मी तिला विचारलं, "चुकलं असंल तर?" ती म्हणाली, "चुकलं असंल तर मी आयुष्यभर बोलणी खाईन. खरं असंल आन् गप बसले असते, तर?" मला तिची भीती वाटली आणि ती मला फार आवडली. दोन्ही एकदम.

दुसऱ्या दिवशी पट्टीचा तो तुकडा सोडवून एसटीच्या टपावर टाकला. शिरूरला गाडी बदलून दौंडला निघालो. आप्पा बरोबर निघाले. "तुजा सासरा काय म्हनतो ते मला माज्या कानानं ऐकायचंय," एवढंच प्रवासात बोलले. बायको मागच्या बाकावर खिडकीशी बसली होती, मांडीवर हातोडी.

सासऱ्यांनी पोरीला कशी आहेस म्हणून विचारलं नाही. तिनं पट्टी दाखवली, त्यांनी ती घेतली, भोकात बोट घातलं आणि मान हलवली. ती मान हलवणं मला अजून दिसतं. आजारी माणसाची नाडी बघून उठणाऱ्या वैद्यासारखं. मग आप्पांना विचारलं, "पावनं, ह्याच्या जोरावर मानसं चढत व्हती?"

"व्हय."

"कोन?"

"मी. गडी. पन जास्त मीच."

सासऱ्यांनी पट्टी रुळाखालच्या दोन लाकडी स्लीपरांवर आडवी ठेवली, भोक मधोमध. कोपऱ्यातला घण उचलून आप्पांच्या हातात दिला. "मग मारायचा मानबी तुमचा."

आप्पा अंगानं थोराड. चिडलेले. चार बोटं रुंद लोखंड आहे, घण उलटा अंगावर येईल आणि एकदाचा या बापलेकीचा खोटेपणा उघडा पडेल, अशाच इराद्यानं त्यांनी घण उचलला असणार. एकच घाव बसला. पट्टी खळकन दोन तुकडे होऊन पडली. आप्पा घण धरून तसेच उभे राहिले.

सासऱ्यांनी तुकडा उचलून मोडलेला काठ उजेडात धरला. काठाचा बहुतेक भाग काळपट, तेलकट, गुळगुळीत होता, आणि त्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक वळ्या होत्या. अगदी टोकाला लहानसा भाग नव्या नाण्यासारखा चकाकत होता. "काळं दिसतंय ते कवाच मेल्यालं," सासरे म्हणाले. "रोज थोडं थोडं. ह्या वळ्या त्याच्याच. चकाकतंय तेवढंच आता मोडलं. तेवढ्यावर तुमी वर येत व्हता."

आप्पांनी तुकडा हातात घेतला. चकाकणाऱ्या भागावर करंगळी ठेवली. करंगळीखाली तो सगळा झाकला गेला. आप्पा खाली बसले. सासऱ्यांनी पोरीला चहा टाकायला सांगितलं आणि स्वतः आप्पांच्या शेजारी बसले. "नालंला दोष देऊ नका," ते हळू आवाजात म्हणाले. "नाल बिचारी काय करंल? भोक वंगाळ पाडलं. भोक पाडायचंच तर मायेनं पाडाया पायजे."

नवी पट्टी त्यांनी तिथंच घडवली, आणि ते काम मी आयुष्यात पाहिलेल्या सगळ्यात सुंदर कामांपैकी एक होतं. दोन्ही टोकांना अडकवण्यापुरती भोकं, बाकी कुठंही नाही. आधी लहान गिरमिट, मग रीमर फिरवत फिरवत भोक हवं तेवढं मोठं. मग काठाची धार कानशीनं मोडली. मग पॉलिश पेपर. मग प्रत्येक भोकातून त्यांनी स्वतःचं बोट फिरवलं, मग पोरीनं फिरवलं, आणि एका ठिकाणी तिनं मान हलवल्यावर त्यांनी मुकाट्यानं कानस पुन्हा उचलली. त्या दोघांना बोलायची गरज पडत नव्हती. आप्पा पाहुण्यासारखे न बसता पट्टी धरायला पुढं झाले. काम आटोपल्यावर सासऱ्यांनी विचारलं, "नाल कुटं हाय?"

"घरी," मी म्हणालो.

"तिला बसवायचं न्हाई व्हय?" त्यांनी पत्र्याचा एक चिमटा वाकवला, पट्टीला दोन्ही काठांनी मिठी मारील असा, वर नाल अडकवायला आकडा. भोक नाही. "हिच्या आत्याला सांगा, हादऱ्यानं पडायची न्हाई. काढून पुसायलाबी येती."

परत येताना आप्पा गाडीत पुढच्या बाकावर बसले होते. न्हावऱ्याच्या थांब्यावर उतरून त्यांनी भेळ घेतली आणि पहिला पुडा मागं सुनेला दिला. मला वाटतं तिला ते पुरलं, कारण उरलेल्या वाटेत ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि तिनं भेळ मला विचारलीसुद्धा नाही.

घरी आई दारात उभी होती. आप्पांनी मोडलेला तुकडा पिशवीतून काढून तिच्यासमोर ओट्यावर ठेवला आणि स्वतःच्या करंगळीनं चकाकणारा भाग दाखवला. "मी येवढ्यावर लटकत व्हतो." आईला लोखंड कळत नव्हतं, पण नवऱ्याची करंगळी कळत होती. तिनंही आपली करंगळी तिथं ठेवून बघितली. नंतर ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बायको चुलीपाशी गेली, तर आई देवळीसमोर बसून रडत होती. दोघी काय बोलल्या ते मला कधी कळलं नाही. विचारलं तर दोघीही "काय करायचंय ऐकून" म्हणत.

नवी पट्टी चढली, यारी चालू झाली, सुरुंग उडाले, आणि पावसाळ्याआधी विहिरीला पाणी लागलं. गावानं ते श्रेय येमाईला दिलं आणि आम्ही हरकत घेतली नाही.

पण मला सांगायचा आहे तो नवी पट्टी चढल्यानंतरचा पहिला शनिवार. आई ताट घेऊन विहिरीवर आली. गुडघा बरा झाला होता, काठी नव्हती. तिनं पायाशी रांगोळी काढली, नाल चिमट्यात अडकवली, हळदकुंकू वाहिलं. आप्पा आणि गडी टोपल्यात पाय घालून उभेच होते, मी दांड्यावर हात ठेवून होतो. तेलाची वाटी मात्र आईनं नालेकडे नेली नाही. भाकरीची टोपली घेऊन उभ्या असलेल्या सुनेसमोर धरली.

"आजपास्नं हे तुजं काम," ती म्हणाली. "मला बारीक दिसत न्हाई. सगळ्या जोडांना तेल लाव, पूस, वर रांगोळी सारव आन् थांब. रेघ उमटली तर मला नुसती हाक मार." मग तिनं टोपल्यातल्या आप्पांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि इंजिनाचं हँडल उचलून आपल्या मांडीवर घेऊन दगडावर बसली. "तुजं झाल्याबिगर ह्यातला कोन खाली जातोय तेच बघते."

आप्पांनी टोपल्यातून पाय बाहेर काढला.